पोट टम्म, पाठीला मात्र हाडं: जंताचं औषध देऊनही पोट परत का फुगतंय?

जिन्याखाली:

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी कुत्र्या-मांजरांतला माणूस नाही. आमच्या घरात आजवर माशांच्या टाकीपलीकडे काही नव्हतं. १२ दिवसांपूर्वी जिन्याखाली एका खोक्यात कुत्र्याचं पिल्लू सापडलं, आणि त्यानंतर ३ दिवसांनी गाडीच्या बॉनेटखालून मांजराचं एक पिल्लू काढावं लागलं. (काढलं मीच. हातावरचे ओरखडे अजून वाळतायत.) पहिल्याचं नाव गुंडू, दुसरीचं टिकली. दातांवरून दोघं पाच-सहा आठवड्यांची असावीत, असं एका मैत्रिणीनं सांगितलं.

गुंडूला ते नाव पोटामुळेच पडलं. उचलला की हातात फुगा धरल्यासारखं वाटायचं. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय बाळसं धरलंय!" मीही खूश. परवा मात्र त्याच्या पाठीवरून हात फिरवताना बोटांना मणका न् मणका लागला. पोट एवढं टम्म आणि पाठ ही अशी?

हे सगळं नवं नाही, हे मला उशिरा कळलं. तिसऱ्याच दिवशी त्याला उलटी झाली होती आणि तिच्यात सुतळीचा तुकडा दिसला. स्प्रिंगसारखा गोल गुंडाळलेला, पिवळट पांढरा. मला वाटलं, खोक्याची सुतळी गिळली असेल. कागदानं उचलायला गेलो तर तुकडा वळवळला. माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही. शेजाऱ्यांकडे त्यांच्या मोठ्या कुत्र्याची जंताची गोळी उरली होती, तिचा पाव तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी शीतून ११ जंत पडले, मी मोजले. सगळ्यात लांब बोटाएवढा होता. झालं, सुटलो, असं समजून निवांत बसलो. पोट उतरलंही होतं. आता ९ दिवस झालेत आणि पोट परत जैसे थे.

बाकीची लक्षणं: खातो हावऱ्यासारखा, पण वजन जवळपास जागचं हलत नाही (दुसऱ्या दिवशी १ किलो ३२०, आज १ किलो ३५०). केस राठ, धूळ बसल्यासारखे. मध्येच कोरडा खोकला. उचक्या तर रोजच्या. शी सुरुवातीला घट्ट आणि शेवटी लिबलिबीत. कालपासून तिच्यात शेंबडासारखा चिकट पदार्थही दिसतोय.

टिकलीचं वेगळंच. तिचं पोट ठीक आहे, पण शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या कणीसारखं काहीतरी वाळून चिकटलेलं असतं. काल ती झोपून उठली, तर पांघरुणावर तसाच एक ओला दाणा होता आणि तो स्वतःच आखडत-लांबत पुढे सरकत होता. अंगात पिसवाही आहेत.

माझे प्रश्न असे. ११ जंत पडल्यावर परत पोट का फुगलं, गोळी कमी पडली का? तीच गोळी टिकलीला चालेल का? आणि घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे, ती दिवसभर या दोघांबरोबर जमिनीवर लोळत असते. तिला काय धोका?

चारपायी:

जिन्याखाली, आधी वाचणं थांबवा आणि दोघांच्या हिरड्या बघून या.

ओठ वर उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर दिसली पाहिजे. बोटानं दाबली की पांढरा ठिपका उमटतो. बोट काढल्यावर २ सेकंदांच्या आत तिथे रंग परतायला हवा. हिरडी मुळातच काळी असेल तर खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. फिकट, कागदासारखं पांढरं काही दिसलं तर आज रात्रीच डॉक्टरकडे, सकाळची वाट बघायची नाही. शी डांबरासारखी काळी-चिकट झाली, तिच्यात बरंच रक्त आलं, उलट्या थांबेनात, किंवा पिल्लू खायला आलंच नाही, तरीही तेच. लसीकरण न झालेल्या पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि उलट्या लागल्या तर "जंत असतील" म्हणून घरी बसू नका. पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांचा विषाणूचा जीवघेणा रोग, तोही असाच दिसतो आणि वेळ देत नाही. मांजराच्या पिल्लांमध्ये पॅनल्यूकोपेनिया या विषाणूच्या रोगाचं तसंच.

हिरडीबद्दल मी एवढी का मागे लागते ते सांगते. गेली ११ वर्षं मी आई नसलेली, नाहीतर आजारी आई असलेली पिल्लं सांभाळते. एकदा एक कुत्री ५ पिल्लांसकट माझ्याकडे आली. पिल्लं १७ दिवसांची, डोळे नुकते उघडलेले. त्यातलं एक सारखं बाजूला पडायचं. मला वाटलं, भावंडं ढकलत असतील, म्हणून मी त्याला उचलून आईला लावत राहिले. संध्याकाळी कापसानं त्याचं तोंड पुसताना हिरडी दिसली. पांढरी फटक. डॉक्टरकडे पोचलो खरं, पण पहाट काही त्यानं बघितली नाही. अंकुशकृमी होते. हे जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, आतड्याला दातांनी धरून रक्त पितात. आईच्या दुधातूनच पिल्लात जातात. आणि सगळ्यात वाईट भाग असा की ते अंडी घालण्याच्या वयाला येण्याआधीच पिल्लाला कोरडं करू शकतात. म्हणजे शी तपासली तरी काहीच सापडत नाही. उरलेल्या चौघांना त्याच सकाळी औषध दिलं, ती वाचली. तेव्हापासून माझ्या घरात पिल्लू आलं की नाव ठेवायच्या आधी हिरडी बघितली जाते.

आता तुमच्या गुंडूकडे. त्याचे ते गोल जंत. स्प्रिंगसारखी गुंडाळी ही त्यांची खूणच. बाळसं आणि जंताचं पोट यांतला फरक पोटावरून कळत नाही, वेळेवरून आणि पाठीवरून कळतो. खाऊन फुगलेलं पोट दोन-चार तासांत खाली बसतं, जंताचं पोट सकाळी उपाशीपोटीही तसंच ताठ असतं. बाळसं धरलेल्या पिल्लाच्या पाठीवर, मांड्यांवर मांस लागतं. जंत झालेल्याचं सगळं वैभव पोटात, कमरेला हाडं. तुमच्या बोटांनी ते बरोबर ओळखलंय, फक्त लोकांच्या कौतुकामुळे उशीर झाला. माझाही पहिल्या खेपेला झाला होता.

परत पोट का फुगलं? जंताचं औषध हे शाळेतल्या हजेरीसारखं आहे. त्या दिवशी आतड्यात जो हजर असेल त्यालाच शिक्षा. कुत्र्याच्या पिल्लात गोल जंताच्या अळ्या जन्माच्या आधीच, आईच्या पोटातच, नाळेतून येतात. आईच्या मांसात त्या गपगार पडून असतात आणि गाभण राहिल्यावर शेवटच्या काही आठवड्यांत जाग्या होतात. आई वरून कितीही धडधाकट दिसो. पिल्लात शिरल्यावर अळ्या यकृतातून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि मग आतड्यात मोठ्या होतात. तुमची पाव गोळी पोटात गेली तेव्हा ११ जण वर्गात होते, बाकीचे वाटेवर होते. ते आता पोचले. म्हणून एका डोसनं काम होत नाही. कुत्र्याच्या पिल्लांना २, ४, ६ आणि ८ आठवड्यांना औषध द्यायची पद्धत आहे, पुढे ६ महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. मांजराच्या पिल्लांमध्ये गोल जंत नाळेतून येत नाहीत, दुधातून येतात, म्हणून त्यांचं ३ आठवड्यांपासून सुरू करतात आणि तसंच दर पंधरवड्याला देत जातात. त्या हिशेबानं तुमच्या दोघांचेही डोस चुकलेत. घाबरू नका, आता सुरू करायचं.

खोकला अळ्यांच्या त्या फुप्फुसातल्या फेरीचाही असू शकतो. पण डोळ्यांना-नाकाला घट्ट पू येत असेल किंवा अंग तापलं असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना नक्की सांगा. उचक्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. लोक जंताची खूण म्हणून सांगतात, पण घाईघाईनं खाणारं ठणठणीत पिल्लूही दिवसातून दहा वेळा उचकतं.

टिकलीचा मामला निराळा. सरकणारा तांदूळ म्हणजे फीतकृमीचा सुटून आलेला तुकडा, आत अंड्यांची पोतडी. वाळला की तिळासारखा किंवा काकडीच्या बीसारखा दिसतो. हा पिसवांमधून येतो. पिसवेची अळी ती अंडी खाते, पुढे ती पिसू मोठी झाली की मांजर अंग चाटताना तिला गिळतं, आणि फीतकृमी मुक्कामी. पायरँटेल, म्हणजे पिल्लांना देतात ते नेहमीचं पातळ औषध, गोल जंतांवर आणि अंकुशकृमींवर चालतं, फीतकृमीला त्याचं काहीही वाटत नाही. त्याला प्राझिक्वांटेल लागतं. आणि पिसवा तशाच ठेवून प्राझिक्वांटेल दिलंत तर तीन आठवड्यांत तांदूळ परत. एक सावधगिरी: कुत्र्यांसाठीचं पिसवांचं मानेवर टाकायचं औषध टिकलीला चुकूनही लावू नका. त्यातल्या पुष्कळशांत परमेथ्रिन असतं, मांजराला त्यानं झटके येऊन जीवही जातो. तूर्त बारीक दातांची फणी आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. फणीत सापडलेली पिसू वाटीत बुडवायची. इतक्या लहान मांजराचं रक्त नुसत्या पिसवांनीसुद्धा उतरतं, म्हणून तिचीही हिरडी.

आणि हो, ती शेजाऱ्यांची गोळी. पुन्हा तसं करू नका. मोठ्या कुत्र्याच्या गोळीत कधी दोन-तीन औषधं एकत्र असतात आणि तिचा पाव भाग कापला म्हणजे पाव डोस झाला असं नसतं. ग्रॅमच्या काट्यावर वजन करा, तो आकडा कागदावर लिहा आणि त्या गोळीचं पाकीट मिळालं तर तेही डॉक्टरांकडे न्या.

आडवाटे:

एवढं काही नसतं हो. पिल्लांना जंत होतात आणि जातात. आमच्याकडे लसणाची पाकळी ठेचून खाण्यात मिसळायचे, दोन दिवसांत सगळं साफ. कोण नेत होतं डॉक्टरकडे? आणि बूड जमिनीवर घासत असेल तर जंत आहेत एवढं समजायचं, नसेल घासत तर नाहीत. साधी परीक्षा आहे.

काचपट्टी:

मी प्राण्यांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांनी आणलेल्या डब्या दिवसभर उघडणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे जेवता जेवता वाचत असाल तर नंतर वाचा.

आडवाटे, लसूण नका हो सांगू. कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात, मांजरांच्या तर फारच लवकर. ज्या पिल्लाचं रक्त जंतच पितायत त्याला वरून लसूण म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. माणसांची जंताची गोळीही तशीच, अंदाजानं देऊ नये. बूड घासण्याचं म्हणाल तर त्याचं कारण बहुतेक वेळा गुदाजवळच्या ग्रंथी भरलेल्या असणं हे असतं. फीतकृमीच्या तुकड्यानं खाज सुटून काही प्राणी घासतात, पण पोटात जंतांची गुंडाळी असूनही एकदाही बूड न घासलेली पिल्लं मी ढीगभर बघितलीत.

जिन्याखाली, तुमच्या वर्णनातला "शेवटी लिबलिबीत, चिकट शेंबूड" हा भाग माझ्या डोक्यात अडकला. गोल जंतांनी जुलाब होतात, पण औषध दिल्यावरही शी बिघडलेलीच राहिली तर आम्ही दोघांना शोधतो, कॉक्सिडिया आणि जिआर्डिया. हे किडे नव्हेतच, एकपेशीय जीव. डोळ्यांना दिसत नाहीत आणि पायरँटेलला जुमानत नाहीत. कॉक्सिडिया साधारण महिना ते तीन महिन्यांच्या पिल्लांचा रोग. जागा बदलली, आई सुटली, ताण आला की उसळतो. पाण्यासारखे जुलाब, कधी रक्ताची रेष. जिआर्डियाची शी मऊ, तेलकट चमक असलेली आणि वास असा की डबी उघडण्याआधीच आम्ही पैज लावतो. दोघांची औषधं वेगळी. म्हणून "जंताचं औषध झालं, आता शी सुधारेल" असं धरून बसू नका, नमुना आणून द्या.

नमुना कसा आणायचा, कारण दहातल्या निम्म्या डब्या बघून मला कपाळ बडवावंसं वाटतं. ताजी शी हवी, त्याच दिवसाची. लगेच नेणं जमत नसेल तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये, पण डीप फ्रीजरमध्ये नाही. अंगठ्याच्या पेराएवढी पुरते. मातीवर, गवतावर पडून राहिलेली उचलू नका. मातीतले स्वतंत्र राहणारे बारीक किडे तिच्यात शिरतात आणि मग आम्ही दुसऱ्याच कुणाच्या मागे लागतो. दोघांच्या डब्या वेगळ्या आणि वर नावं. आणि गुंडू टिकलीची शी खातो का, हेही बघा. कुत्र्याची पिल्लं खातात. मग मांजराच्या जंतांची अंडी कुत्र्याच्या शीत सापडतात आणि रिपोर्ट वाचून सगळेच बुचकळ्यात.

आम्ही शी दाट मिठाच्या किंवा साखरेच्या द्रावणात कालवतो. अंडी हलकी, ती वर तरंगतात आणि वर ठेवलेल्या काचेला चिकटतात. गोल जंताचं अंडं भिंगाखाली गडद तपकिरी, जाड कवचाचं, कडेला खळगे-खळगे. एकदा बघितलं की विसरत नाही. अंकुशकृमीचं पातळ कवचाचं, लंबगोल, आत द्राक्षाच्या घोसासारख्या पेशी. फीतकृमी मात्र आम्हाला बऱ्याचदा चकवतो. त्याच्या अंड्यांची पुडकी जड, तरंगत नाहीत. म्हणून टिकलीचा रिपोर्ट कोरा आला तरी तुम्ही पांघरुणावर बघितलेला दाणा खरा. तो पारदर्शक डबीत घालून आणलात किंवा नुसता मोबाइलवर त्याचा व्हिडिओ केलात तरी डॉक्टरांचं काम होतं. जिआर्डियाही रोज दिसत नाही, त्यासाठी तीन दिवसांचे नमुने मागतात किंवा वेगळी किट-चाचणी करतात.

आता मुलीबद्दल. घाबरण्यासारखं नाही, पण हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. गोल जंताची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ताज्या शीतलं अंडं लगेच कुणाला बाधत नाही, त्याला मातीत पिकायला निदान दोन आठवडे लागतात. पण एकदा पिकलं की मातीत वर्षानुवर्षं टिकतं. ते मुलांच्या पोटात गेलं तर अळ्या अंगभर भटकतात, क्वचित डोळ्यातही जाऊन बसतात. म्हणजे धोका आजच्या शीपेक्षा महिन्यापूर्वीच्या, न उचललेल्या शीत जास्त. रोजच्या रोज उचला, अंगणातल्या वाळूच्या ढिगावर झाकण घाला, मुलीचे हात खाण्याआधी साबणानं धुवा, तिला अनवाणी मातीत खेळू देऊ नका (अंकुशकृमीच्या अळ्या कातडीतून शिरतात, पायावर नागमोडी खाजरी रेघ उठते). पिल्लानं तोंड चाटलं तर पुसून टाका. टिकलीचा फीतकृमी मुलांना होऊ शकतो, पण त्यासाठी मुलीला पिसूच गिळावी लागेल. पिल्लं घराबाहेर काढायची गरज नाही.

जिन्याखाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री टॉर्च धरून हिरड्या बघितल्या. टिकलीची गुलाबी. गुंडूची फिकट, पण पांढरी नाही, दाबल्यावर रंग येत होता. आज सकाळी पहिल्या नंबरावर डॉक्टरकडे.

काचपट्टी, तुमचा शेंबूड बरोबर निघाला. गुंडूच्या शीत गोल जंतांची अंडी आणि शिवाय कॉक्सिडिया. अंकुशकृमी नाहीत. पार्व्होची चाचणीही केली, नाही आली. दोन औषधं दिलीत. एक आत्ता आणि परत १४ दिवसांनी, दुसरं कॉक्सिडियाचं काही दिवस रोज. टिकलीच्या दाण्याचा व्हिडिओ दाखवला तर डॉक्टर बघताच हसले. म्हणाले, रिपोर्टची गरजच नाही. तिला वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल दिलं. तिचं वजन ५१० ग्रॅम निघालं, मी अंदाजानं ८०० धरून चाललो होतो! स्वतःच्या अंदाजानं दिलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

आता दोन शंका. टिकलीला औषध दिल्याला दहा तास झाले, शी दोनदा झाली, जंत एकही नाही. गुंडूचे मात्र दुपारी ४ पडले, त्यातले दोन जिवंत. औषध टिकलीला लागू पडलं नाही का? आणि घर कशानं पुसू? बायकोनं फिनेलची आख्खी बाटली ओतली.

चारपायी:

लागू पडलंय. दोन औषधांच्या मारण्याच्या तऱ्हा वेगळ्या. पायरँटेल जंताला लुळा पाडतं, त्याची आतड्यावरची पकड सुटते आणि तो शीबरोबर वाहून येतो, कधी कधी वळवळत. पुढचे दोन-तीन दिवस गुंडूचे येत राहतील. प्राझिक्वांटेलनं फीतकृमीची कातडीच फाटते आणि तो आतल्या आत पचून जातो, म्हणून बाहेर काही दिसत नाही. टिकलीचं औषध लागलं की नाही हे जंत पडण्यावरून नाही, पुढच्या तीन-चार आठवड्यांत शेपटीखाली नवा तांदूळ येतो की नाही यावरून ठरवायचं.

फिनेलनं फरशी चमकेल, अंड्यांना त्याचं सोयरसुतक नाही. वर मांजराला फिनेल विषारी, ती पाय चाटते. आजच साध्या पाण्यानं दोनदा पुसून घ्या. अंड्याला आणि कॉक्सिडियाला उष्णता मारते. पांघरुणं उकळत्या पाण्यात धुवा, फरशीवर शी झाली की आधी उचला, मग त्या जागी उकळतं पाणी (पिल्लं आणि मुलगी दुसऱ्या खोलीत), मग कोरडं पुसून घ्या. गुंडूचं अंथरूण कॉक्सिडियाचं औषध संपेपर्यंत रोज बदला, कारण त्याची बीजं दिवसभरातच पिकतात आणि तो आपलाच रोग परत चाटतो. शी केल्यावर त्याचं बूड आणि मागचे पाय ओल्या फडक्यानं पुसत जा. टिकलीच्या बाजूनं झाडू-फडक्यापेक्षा व्हॅक्यूम कामाचा. पिसवा मांजरावर दिसतात तेवढ्या थोड्या, त्यांची अंडी-अळ्या अंथरुणात आणि कोपऱ्यात असतात.

वजन रोज एकाच वेळी, खाण्याआधी, त्याच काट्यावर. वहीत लिहा. टिकलीचं दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमनं चढलं की समजा गाडी रुळावर आहे. दोघांपैकी कुणाचं दोन दिवस हललं नाही किंवा उतरलं तर फोन करा. पोटाकडे बघून आता काही ठरवू नका.

मनीमाऊ:

उशिरा आले, पण एक राहून गेलं म्हणून लिहिते. जिन्याखाली यांनी तिसऱ्या दिवशी जंताला सुतळी समजलं. माझ्याकडे याच्या बरोबर उलटं झालं. माझ्या तीन महिन्यांच्या बोक्याच्या शेपटीखाली पांढरं काहीतरी लोंबत होतं, मला वाटलं लांबलचक जंत. चिमटीत धरून ओढणारच होते, इतक्यात तो कळवळला. तो शिवणाचा दोरा होता, दुसरं टोक आत आतड्यात. ओढला असता तर आतडी चुणीसारखी गोळा होऊन कापली गेली असती. ऑपरेशन करून काढला. तेव्हा बाहेर लोंबणारं काहीही ओढायचं नाही, जंत असो की दोरा.

आणि जंतांचा गोळा होऊन आतडं तुंबू शकतं, त्याचं लक्षणही सांगून ठेवते: पोट ताठ आणि दुखरं, खाल्लेलं सगळं उलटून पडतं, शी बंद. कुत्र्याच्या पिल्लात जोरदार जुलाबांमध्ये आतड्यात आतडं घुसतं, तेव्हाही पोटात कांडीसारखं लागतं. गुंडूला औषधानंतर असं काही दिसलं तर थांबू नका.

जिन्याखाली:

आज आठवा दिवस. वहीतला आकडा: गुंडू १ किलो ७१०, टिकली ६१५ ग्रॅम. गुंडूचे एकूण २३ जंत पडले, चौथ्या दिवसानंतर एकही नाही. शी कालपासून पहिल्यापासून शेवटपर्यंत घट्ट. उचक्या अजून आहेत, चारपायी म्हणतात तसं हावरटपणाच असावा. पोट सकाळी आत गेलेलं असतं आणि खाल्ल्यावर फुगतं, मग उतरतं. येणारे-जाणारे आता म्हणतात, "अरेरे, किती वाळला!"

टिकलीच्या फणीत काल ३ पिसवा, आज १. पांघरूण काळ्या रंगाचं घेतलंय, तांदूळ आला तर लगेच दिसावा म्हणून. गुंडूचा पुढचा डोस ६ दिवसांनी. मुलीनं तो कॅलेंडरवर स्वतः रंगवलाय, जंताचं चित्र काढून. स्प्रिंगसारखं.